संक्रांतीचं काटेरी वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींना वाण म्हणून निवडुंग देणारी शारजातली पहिली बाई मीच. माझ्यानंतर दुसरी अजून झालेली नाही.

मी काही वेंधळी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या फ्रीजच्या दारावर बिलांची यादी असते, वाणसामानाची असते, शाळेच्या डब्यांची असते. भारतात जाताना बॅग भरायची यादी तर मी विमानातही जवळ ठेवते. (बॅग खाली सामानात गेलेली असते, तरी!) श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा की आमच्या घरात झुरळसुद्धा यादीत नाव असल्याशिवाय शिरत नाही. अशा बाईच्या हातून हे झालं, म्हणून तर सांगायचं.

२००८ संपता संपता दुबईतल्या क्रेन थांबल्या. श्रीकांत एका अंतर्गत सजावटीच्या कंपनीत ॲडमिन मॅनेजर होता. नवे टॉवरच उभे राहीनात, तर आतून सजवणार काय? कंपनीने एकेकाला घरी पाठवायला सुरुवात केली. पत्रं द्यायचं काम श्रीकांतचं. सगळ्यांना देऊन झाल्यावर शेवटचं त्याने स्वतःलाच दिलं, दिवे बंद केले, किल्ल्या मालकाच्या माणसाच्या हातात ठेवल्या आणि घरी आला.

घरी आला तेव्हा गाडीच्या खिडकीतून एक पाम बाहेर डोकावत होता. मागच्या सीटवर पट्टा लावून एक मोठं खोकं बसवलेलं. खोक्यात निवडुंग. गोल, लांबट, केसाळ, बुटके, सगळ्या प्रकारचे.

"हे काय?" मी विचारलं.

"ऑफिस," तो म्हणाला.

तेरा वर्षांची आमची ईशा खोक्यात वाकून म्हणाली, "डॅडी, आर वी अ नर्सरी नाऊ?"

मग हळूहळू कळलं. त्यांच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एक हिरवं झाड हवं, असा कधीतरी हुकूम निघाला होता. लोक शहाणे. त्यांनी पाणी न घालता जगेल असं झाड निवडलं. आता जो तो कोचीला, मनिलाला, कराचीला, कैरोला परतला. जाताना प्रत्येकाने आपला निवडुंग श्रीकांतच्या टेबलावर आणून ठेवला. "सर, सांभाळा. मी परत येणार आहे." आणि श्रीकांत प्रत्येकाला म्हणाला, "नक्की."

रिसेप्शनवरची मार्लिन सगळ्यात शेवटी गेली. तिला पत्र देताना श्रीकांतचा आवाज फुटेना, तेव्हा तिनेच उठून त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला होता म्हणे. तिचा निवडुंग एका पिवळ्या चहाच्या मगात लावलेला होता. चपट्या हिरव्या पानांचा, सशासारखे तीन कान वर काढून बसलेला.

"कॅक्टससाठी कोण परत येतंय, श्रीकांत?" मी म्हटलं.

त्याने तो मग अलगद खोक्यात परत ठेवला. तेव्हाच मी गप्प बसायला शिकले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

आता या झाडांची गंमत ऐका. जात वाळवंटातली, पण जन्म गेला सेंट्रल एसीत. ऊन ठाऊक नाही, वारा ठाऊक नाही, बारा महिने एकच तापमान. आणि शारजाच्या रोल्ला भागातली आमची गॅलरी म्हणजे दोन उंच इमारतींमधली बोळ. तोंड उत्तरेला. थंडीत तिथे सूर्य येत नाही, खाडीवरचा वारा मात्र न चुकता येतो. खाली बाजारात लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत असताना आमच्या गॅलरीत महाबळेश्वर असतं! त्यात जानेवारीत इथे एखाददोन दिवस असा पाऊस पडतो की रोल्लाच्या रस्त्यावर होडी घालावी.

दुसऱ्याच दिवशी पामची टोकं पिवळी पडली आणि दोन निवडुंग मऊ झाले. श्रीकांत हादरला. नेटवर बसून त्याने थंड हवेत ही झाडं बाहेर कशी वाढवतात ते वाचून काढलं. जगात असे वेडे पुष्कळ आहेत, हे मला तेव्हा कळलं. बर्फाळ देशांत राहून अंगणात पाम लावतात आणि हिवाळाभर त्याला गुंडाळून ठेवतात! श्रीकांतने त्यांचे नियम उचलले. थंडी चालते, ओल चालत नाही, म्हणून पाणी बंद. वारा लागू नये म्हणून टीव्हीच्या खोक्याचा आडोसा. पहिल्या दिवशी तासभर बाहेर, दुसऱ्या दिवशी जरा जास्त. शाळेत बालवाडीची मुलं रुळवतात तसं. रात्री निवडुंगांवर ईशाचे लहानपणीचे मोजे. आणि पामला (हे मी थांबवायला हवं होतं) माझ्या सासूबाईंनी सासऱ्यांसाठी विणलेली कानटोपी आणि गळ्याभोवती मफलर. सासरे गेल्या खेपेला विसरून गेले होते.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी शाळेत निघाले तर वॉचमन खानभाईंनी लिफ्टपाशी गाठलं. (मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. त्या दिवसांत आमचं घर माझ्या व्हिसावर चाललं होतं.)

"मॅडम, एक बात बोलूँ? बुरा नहीं मानना."

"बोलो, खानभाई."

"सामनेवाली बिल्डिंग से शिकायत आया है. आप अपने ससुर को रातभर बाहर क्यूँ खड़ा रखता है?"

"ससुर? वो तो पुणे में हैं!"

"मॅडम," खानभाई दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "टोपी पहन के खड़े हैं. सबने देखा. हिलते भी हैं."

मी त्यांना वर नेऊन पाम दाखवला. त्यांनी टोपी उचलून खाली खरंच कोणी नाही ना याची खात्री केली, आणि आमच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, खरे सासरे उभे असते तर बरं झालं असतं. पुण्याला फोनवर हे सांगितलं तर सासरे म्हणाले, "टोपी माझीच ना? मग लोकांची काय चूक?"

ईशा म्हणाली, "आय ॲम नेव्हर गोइंग टू दॅट बाल्कनी अगेन."

पण खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडत होतं. श्रीकांत रोज अर्ज पाठवत होता आणि कुठूनही उत्तर येत नव्हतं. त्या दिवसांत फोन वाजला की तो एकतर बँकेचा असायचा, नाहीतर कुणीतरी निरोप घ्यायला केलेला. इतर घरांतले काम गेलेले नवरे दुपारपर्यंत डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेले असायचे. माझा मात्र आमच्या आधी उठायचा, चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचा, मोजे काढायचा आणि एकेकाला मूळ मालकाच्या नावाने विचारायचा, "काय तारिकभाई, कशी गेली रात्र?" मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, झाडं जगोत. ती जगली की हाही उठेल.

एवढं कळत असूनही मी काय केलं ते बघा.

संक्रांत आली. माझं हळदीकुंकू ठरलेलं. सगळ्यांना मेसेज गेलेले. पण वाण? मागल्या वर्षी मी स्टीलच्या चाळण्या वाटल्या होत्या. यंदा खर्च नको, पण हात आखडलेलाही दिसायला नको. मी ओट्याशी उभी राहून विचार करत होते आणि समोर गॅलरीत रांगेने मोजे घातलेले निवडुंग.

माझं डोकं यादीसारखं चालतं. नग पुरेसे आहेत. सुबक आहेत. फुकट आहेत. शिवाय (इथे मी स्वतःला फार समजूतदार वाटले) बंद पडलेल्या ऑफिसची आठवण रोज सकाळी डोळ्यांपुढे कशाला? श्रीकांतने आता पुढे बघायला हवं. पाम त्याला पुरे.

तो कॉम्प्युटरपुढे दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामातल्या नोकरीची माहिती वाचत होता.

"श्रीकांत, ते छोटे निवडुंग वाणाला देऊ का?"

"हं."

"सगळे देते हं. पाम राहू दे."

"हं."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला नवऱ्याच्या 'हं'चे प्रकार कळायला हवेत. हा 'हं' म्हणजे 'काहीतरी आवाज येतोय' एवढाच होता. मी तो होकार धरला आणि कामाला लागले. तो रास अल खोरला मुलाखतीला गेला, तोवर मी मोजे उतरवून कुंड्या पुसल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि परातीत मांडल्या. दिसत छान होत्या!

बायका जमल्या. काळ्या साड्या, तिळगूळ, गप्पा. मग मी परात फिरवली आणि बोलणं एकदम थांबलं.

जोशीकाकू आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी चष्मा खाली ओढला. "वैशाली, हे काय गं?"

"निवडुंग, काकू."

"ते दिसतंय. मी विचारतेय, का?"

"पर्यावरण," मी म्हटलं.

"अगं, हे कुंपणाला लावतात. सवाष्णीच्या ओटीत घालतात का कुणी?"

वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण मंदा धावून आली. "काकू, मंदी आहे! यंदा फुलांची सुट्टी, नुसते काटे!"

सगळ्या हसल्या. वाणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे प्रत्येकीने एकेक घेतला. पण धरणार कसा? एकीच्या पैठणीच्या काठात गोल निवडुंग असा रुतला की तो सोडवायला तिघी बसल्या. एकीने पर्समध्ये ठेवला आणि किल्ली काढायला हात घातला. खाली गाडीत थांबलेल्या एका नवरोबांनी तर बायकोने सीटवर ठेवलेलं वाण न बघताच बैठक मारली. त्यांचा आवाज पाचव्या मजल्यापर्यंत आला. काही झालं तरी वाण गेलं, घर आवरलं, यादीवर खूण झाली.

श्रीकांत संध्याकाळी आला तो खुशीत. नोकरीचं काही जमलं नव्हतं, पण त्या गोदामाबाहेर त्याला जाडसर रेती मिळाली होती, निवडुंगांना हवी असते तशी. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो सरळ गॅलरीत गेला.

मी पोळ्या लाटत होते. गॅलरीतून काहीच आवाज येईना, म्हणून गेले. रिकाम्या फळीसमोर तो उभा. शेजारी कानटोपी घातलेला पाम.

"मी विचारलं होतं तुला," मी म्हटलं.

"हो का?" त्याने फळीवरची माती हाताने सारखी केली. "बायका खूश झाल्या ना?"

"हो."

"मग छान."

एवढंच. तो ओरडला असता तर मला बरं पडलं असतं. ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं तयार असतात!

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. चहा पलंगाशेजारी गार व्हायचा. ईशा शाळेत निघताना खोलीत डोकावली आणि हळूच मला म्हणाली, "आई, डू समथिंग." ही मुलगी एरवी मला काही करू नकोस म्हणून सांगत असते.

मी फोन हातात घेतला. पण दिलेलं वाण परत मागणार कोणत्या तोंडाने? तसं कुणी कधी केलेलं नाही. मी डोकं लढवलं.

"हॅलो, मी वैशाली. अगं, ते वाण एक दिवस परत देतेस का? सर्व्हिसिंग करायचंय."

"निवडुंगाचं सर्व्हिसिंग?"

"हो ना, माती बदलायची असते. श्रीकांत करतो. विनामूल्य."

कुणी हो म्हणेना. "अगं, इतका छान रुजलाय, आता हलवू नको." "आमच्या ह्यांना भारी आवडलाय." "तो ना, उन्हात ठेवलाय." सगळ्यांकडे निवडुंग सुखात होते आणि बघायला मात्र एकीकडेही मिळेना. शारजातल्या बायकांना एवढी झाडांची माया कधीपासून, हे मला कळेचना.

ते कळलं जोशीकाकूंच्या हळदीकुंकवाला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालूच असतात. काकूंनी मला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि मग जिलेटीनच्या चकचकीत कागदात गुंडाळून वर गुलाबी रिबीन बांधलेलं वाण हातात ठेवलं. कागदातून मला टोचलं.

मी कागद बाजूला केला. तारिकभाई! कुंडीवर मीच लावलेली हळदीकुंकवाची बोटं तशीच.

"काकू," मी म्हटलं, "हे काय?"

काकूंच्या डोळ्याची पापणी लवली नाही. "पर्यावरण," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. काटेरी झाड घरात नको, वाण टाकून देता येत नाही, आणि यंदा हात सगळ्यांचेच आखडलेले. त्यामुळे माझे निवडुंग या घरातून त्या घरात हिंडत होते! एक तर म्हणे तीन हळदीकुंकवं फिरून आला होता. मी तिथेच, सगळ्या बायकांसमोर, खरं काय ते सांगून टाकलं. श्रीकांत, ऑफिस, परत येणारी माणसं, पांघरूण, सगळं. काकूंनी फक्त माझ्या बशीत अजून एक तिळाचा लाडू ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराच्या कडीला पिशव्या लटकू लागल्या. सुपरमार्केटच्या पिशव्या, आत निवडुंग. कुणाचं नाव नाही, गाव नाही. खानभाई रोज संध्याकाळी एक-दोन वर आणून देत आणि म्हणत, "मॅडम, आपका फॅमिली वापस आया."

श्रीकांत उठला. पायजम्यावरच गॅलरीत गेला, एकेक बाहेर काढला, जागेवर लावला. पिशव्या यायच्या थांबल्या तेव्हा फळीवर एकच जागा मोकळी राहिली होती. पिवळ्या मगाची.

"मार्लिनचा नाही आला," तो म्हणाला.

"येईल."

"बाकीचे कदाचित कुणी परत येणार नाहीत, वैशाली. तेवढं मलाही कळतं. पण ती येईल." आणि तो पुन्हा आत जाऊन पडला.

आणि नेमका त्याच संध्याकाळी त्याचा फोन वाजला. मी दारातच उभी होते. पलीकडून मार्लिनचा आनंदी आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. तिला दुबईत एका दवाखान्यात काम मिळालं होतं, ती मनिलाहून आली होती, आणि शनिवारी आपला निवडुंग न्यायला येणार होती.

"येस, येस," श्रीकांत म्हणाला. "व्हेरी हेल्दी. माय वाइफ इज टेकिंग केअर."

खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. तेव्हा तर ते टोमॅटोसारखे झाले होते. त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्यावर दोष न ढकलता तो माझ्यासाठी खोटं बोलला होता, आणि शनिवार परवावर होता.

मी चपलाही न घालता वरच्या मजल्यावर गेले. "मंदा, पिवळा मग तुला दिला होता मी. कुठाय?"

मंदा खाली बसली. "वैशाली, मला मारू नकोस."

"कुठाय?"

"रुवैसला."

"कुठे?"

"माझी भाचेसून आली होती गं नमस्काराला. अश्विनी. नवी नवरी, पहिली संक्रांत, अंगावर हलव्याचे दागिने. रिकाम्या हाती कशी पाठवू? म्हटलं, हे घे, पहिल्या संक्रांतीचं वाण, जप."

रुवैस म्हणजे अबू धाबीच्याही पलीकडे, तेलाच्या रिफायनरीचं गाव. पुढे गेलात तर सौदीची हद्द! आणि मला गाडी चालवता येत नाही. (येते. पण परीक्षा घेणाऱ्या पोलीस बाईंचं मत वेगळं आहे.)

मी खाली येऊन श्रीकांतच्या पांघरुणाच्या काठावर बसले. "पिवळा मग रुवैसला आहे. उद्या शुक्रवार. नेशील?"

मग आतून आवाज आला, "सकाळी लवकर उठव."

सकाळी मी उठवायला गेले तर तो दाढी करत होता.

चार तासांचा रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी वाटभर पाठ केलं. 'अश्विनी, गैरसमज झालाय... अश्विनी, बदल्यात दुसरं छान वाण...' मांडीवर डब्यात स्टीलची चाळणीसुद्धा घेतली होती.

अश्विनी मूळची चिपळूणची, चोविशीतली. नवरा शिफ्टला गेलेला. कंपनीच्या बैठ्या घरात दिवसभर ती एकटीच. पाणी देता देता म्हणाली, "मंदाआत्यांनी सांगितलं तुम्ही येताय. तुम्हीच दिलेलं वाण ना ते? या, दाखवते." आणि हरखून मागच्या अंगणात घेऊन गेली.

स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून विटांचा छोटा ओटा. ओट्यावर मातीत लावलेला तीन कानांचा निवडुंग. भोवती रांगोळी. पुढे पणती!

"मला वाटलं," अश्विनी म्हणाली, "इकडे गल्फमध्ये तुळस जगत नाही, म्हणून नव्या नवरीला हेच देतात. मी रोज दिवा लावते. वारा फार असतो ना, रात्री वर तुपाचा डबा उपडा घालते."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. चाळणी पाठीमागे लपवली.

श्रीकांत मात्र निवडुंगापुढे गुडघ्यांवर बसला होता. "पाणी घालता?"

"रोज, आंघोळ झाली की."

"थंडी आहे तोवर घालू नका. हात जोडा, पण पाणी नको. आणि हा बघा," त्याने एका कानाच्या टोकाकडे बोट दाखवलं, "नवा कोंब. भिंत दुपारी तापते, तिची ऊब मिळतेय याला. माझ्या गॅलरीत जन्मात आला नसता. उत्तम जागा निवडलीत!"

अश्विनीचा चेहरा फुलला. मी श्रीकांतकडे बघत राहिले. इतकं एका दमात तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. मग तिथेच बसल्या बसल्या त्याने तिला मार्लिनची गोष्ट सांगितली, पाण्याच्या ग्लाससकट. मागितलं काहीच नाही. आणि पँट झटकत उठायला लागला.

अश्विनीने पणती जरा बाजूला सरकवली. मग म्हणाली, "काका, याचा एक कान दिला तर चालेल का हो त्यांना?"

"चालेल? मुळं धरतो तो!"

तिने आतून सुरी आणली. आधी नमस्कार केला, मग डोळे मिटून सुरी श्रीकांतच्या हातात दिली. त्याने एक कान अलगद सांध्यावर कापला. तिने पिवळा मगही धुऊन आणून दिला. त्यात ती टूथब्रश ठेवत होती. निघताना मी तिला चाळणी दिली. तिने ती कपाळाला लावली. ती बहुतेक अजून तिची पूजा करत असेल.

येताना रस्ताभर श्रीकांत बोलत होता. मगाला खालून भोक पाडायला हवं, कापलेली बाजू सुकली की रेतीत रोवायची, पाणी अजिबात नाही. मी मान डोलवत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि ते सगळं ऐकावंसं वाटत होतं.

शनिवारी मार्लिन आली. छोटीशी, हसरी, हातात आमच्यासाठी केक. श्रीकांतने पिवळा मग तिच्या हातात दिला. तिने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. रेतीत एकच कान, तोही जरा वाकडा.

"सर," ती हळूच म्हणाली, "इट वॉज बिगर."

श्रीकांतने गंभीर चेहरा केला. "मार्लिन," तो म्हणाला, "रिसेशन."

मग ती जी हसली, ती हसता हसता रडायलाच लागली, आणि श्रीकांतही. ईशाने मुकाट्याने टिश्यूचा डबा आणून मध्ये ठेवला. या वेळी श्रीकांत आत गेला आणि मार्लिनसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला.

निघताना तिने मला घट्ट मिठी मारली आणि इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, थँक यू. सर ऑफिसमध्ये नेहमी सांगायचे, माझी बायको एवढी व्यवस्थित आहे की तिच्या हातून कधी काही हरवत नाही."

तिच्या खांद्यावरून मला श्रीकांत दिसत होता. तो छताकडे बघत होता.

"अगदी खरं," मी म्हटलं. आणि ते खरंच आहे. हरवत मी काहीच नाही. स्वतःच्या हाताने, हळदीकुंकू लावून वाटून टाकते!